‘नेबो’चं विभक्तिकोष्टक आणि वंशावळ: क्रमाने कसं भराल, कुठे चुकाल

रशियन, पोलिश, बल्गेरियन वगैरे भाषांची पूर्वज असलेल्या आद्य-स्लाव्हिक भाषेत आकाशाला *नेबो म्हणत. आपल्या नभाचं हे सख्खं चुलत भावंड, त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा शब्द सोपा वाटतो. आणि तिथेच तो फसतो. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कोष्टकांत दोनच प्रकारच्या चुका सतत दिसतात. रशियन शिकलेले लोक आजच्या रशियन रूपांना तारका लावून ती प्राचीन म्हणून देतात. संस्कृत शिकलेले ‘मनः मनसी मनांसि’च्या चालीवर प्रत्यय चिकटवतात. मीही पहिल्यांदा षष्ठी एकवचनात बिनदिक्कत *नेबा लिहिलं होतं.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. वंशजांची यादी आधी आणि कोष्टक मागून केलं, तर कोष्टकात वंशजांची रूपं घुसतात.

## तयारी

वहीचं पान तीन भागांत विभागा. पहिला भाग पुनर्रचित रूपांसाठी, दुसरा हस्तलिखितांत प्रत्यक्ष सापडणाऱ्या रूपांसाठी, तिसरा आजच्या भाषांसाठी. तारका फक्त पहिल्या भागात. तारकेचा अर्थ ‘फार जुनं’ असा नाही, ‘लिहिलेलं कुठेही सापडत नाही, तुलनेतून उभं केलं आहे’ असा आहे. म्हणून 10व्या-11व्या शतकातल्या जुन्या चर्च स्लाव्होनिक (स्लाव्ह लोकांची सर्वांत जुनी लिखित धर्मभाषा) हस्तलिखितांमधल्या रूपांना, ती पुनर्रचनेशी अक्षरशः जुळत असली तरी, तारका लागत नाही.

विभक्तींची नावं आपलीच वापरा, मात्र पंचमी शोधत बसू नका. स्लाव्हिकमध्ये तिचं वेगळं रूप उरलेलं नाही, ‘पासून’ सांगायला षष्ठीच येते. उरल्या सहा विभक्ती आणि संबोधन. वचनं तीन, लिंगंही तीन. द्विवचन आहे, ते गाळायचं नाही.

## पायरी 1: लिपी आधी ठरवा

देवनागरीत लिहिणार असाल तर पहिला घोटाळा इथे होतो. आद्य-स्लाव्हिकमध्ये ‘येर’ नावाचे दोन अतिऱ्हस्व स्वर होते. मृदू येर म्हणजे निसटता इ, कठोर येर म्हणजे निसटता उ. मी ही पद्धत वापरतो:

- ऱ्हस्व इकार म्हणजे मृदू येर, ऱ्हस्व उकार म्हणजे कठोर येर.
- दीर्घ ई आणि ऊ म्हणजे पूर्ण स्वर.
- ‘बॅट’मधला ॅ म्हणजे ‘यात’ नावाचा स्वर.
- ‘उई’ म्हणजे जीभ मागे ओढून उच्चारलेला ई. जुन्या सिरिलिकमध्येही हा स्वर कठोर येर आणि ई अशी जोडणी करूनच लिहीत.
- ख़ म्हणजे घशातला घर्षक, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा.

सावधान. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ काढायची सवय हाताला इतकी लागलेली असते, की *नेबेसु लिहिताना *नेबेसू होऊन जातं. पहिलं षष्ठीचं बहुवचन, दुसरं षष्ठीचं द्विवचन. एका उकाराने ‘अनेक आकाशांचं’चं ‘दोन आकाशांचं’ होतं. टंकताना शब्द आपोआप सुधारण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा.

## पायरी 2: प्रथमा बाजूला ठेवा, अंग शोधा

या पायरीवर वेळ घालवा. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

मराठी माणसाला सामान्यरूप समजावून सांगावं लागत नाही. ‘पाणी’ला थेट ‘ला’ लागत नाही, आधी ‘पाण्या’ होतं. *नेबोचंही तसंच आहे. शब्दकोशात दिसणारं रूप *नेबो, पण प्रत्यय ज्याला लागतात ते अंग *नेबेस्-. हे सकारान्त नपुंसकलिंगी नाम आहे, शाळेत घोकलेल्या मनस्-पयस् यांच्या जातकुळीतलं.

अंग ओळखायचं षष्ठी एकवचनावरून, प्रथमेवरून कधीच नाही. प्रथमेत *सेलो (वस्ती, शेत) आणि *नेबो दोन्ही ओकारान्त नपुंसक, दिसायला जुळी भावंडं. षष्ठीत मात्र एकाचं *सेला होतं, दुसऱ्याचं *नेबेसे. म्हणून नेहमी दोन रूपांची जोडी लिहा: *नेबो, *नेबेसे. शब्दकोशात षष्ठी दिलेली नसेल तर तो कोश या कामाला उपयोगाचा नाही.

आता हा स कुठून आला ते पडताळा. आद्य-भारोपीय (संस्कृत, ग्रीक, स्लाव्हिक यांची समान पूर्वज भाषा) रूप *नेभोस्, षष्ठी *नेभेसेस्. म्हणजे प्रथमेत ‘ओस्’, इतरत्र ‘एस्’. संस्कृतात मूळचे ए आणि ओ दोन्ही ‘अ’मध्ये मिसळले, त्यामुळे नभस् आणि नभसः यांत हा स्वरबदल दिसतच नाही. ग्रीकमध्ये तो शाबूत आहे: नेफोस् (ढग), जुनी षष्ठी नेफेओस्. तिथे दोन स्वरांमधला स गळाला, पण ओ-ए हा फरक राहिला. म्हणून स्वरांसाठी ग्रीक पाहा आणि स साठी संस्कृत.

तपासणी. स चा ख़ तर झाला नाही ना? स्लाव्हिकमध्ये इ, उ, र, क यांच्यानंतर आलेल्या स चा पुढे ख़ झाला. संस्कृतातही याच जागी स चा ष होतो: ज्योतिस्, पण ज्योतिषा, धनुस्, पण धनुषा. नभस्चं मात्र नभसा, कारण आधी अ आहे. *नेबेसेमध्येही स च्या आधी ए आहे, म्हणून स तसाच राहतो. ‘ज्योतिषा’ आणि ‘नभसा’ एकदा मोठ्याने म्हणून पाहा, हा नियम परत विसरणार नाही.

## पायरी 3: प्रथमा एकवचन

शब्दाच्या शेवटची व्यंजनं स्लाव्हिकने सरसकट टाकून दिली. *नेभोस्मधला भ ब झाला, शेवटचा स गेला, उरलं *नेबो.

इथे चौकस विद्यार्थी अडवतो. वृकः या शब्दाचा स्लाव्हिक भाऊ *विल्कु, तिथे शेवटच्या ‘ओस्’चा कठोर येर झाला. मग इथे *नेबु का नाही? शंका रास्त आहे आणि अभ्यासकांचं तिच्यावर एकमत नाही. काही जण इतर नपुंसक शब्दांचा आणि *तो (ते) या सर्वनामाचा प्रभाव मानतात, काही जण *नेबोमधलाच ओ नियमित धरतात. तुम्ही हा वाद कोष्टकात आणू नका. सगळ्या मुलींची, म्हणजे तिच्यातून निघालेल्या भाषांची, साक्ष *नेबोच्या बाजूने आहे, तेवढं पुरे.

द्वितीया आणि संबोधन प्रथमेसारखंच. नपुंसकलिंगात आपल्याकडेही तसंच असतं.

## पायरी 4: कोष्टक भरा

आधी एकवचन, मग अनेकवचन, शेवटी द्विवचन.

एकवचन
- प्रथमा, द्वितीया, संबोधन: *नेबो
- षष्ठी: *नेबेसे
- सप्तमी: *नेबेसे
- चतुर्थी: *नेबेसी
- तृतीया: *नेबेसिमि

अनेकवचन
- प्रथमा, द्वितीया, संबोधन: *नेबेसा
- षष्ठी: *नेबेसु
- चतुर्थी: *नेबेसिमु
- तृतीया: *नेबेसुई
- सप्तमी: *नेबेसिख़ु

द्विवचन
- प्रथमा, द्वितीया, संबोधन: *नेबेसॅ
- षष्ठी, सप्तमी: *नेबेसू
- तृतीया, चतुर्थी: *नेबेसिमा

षष्ठी आणि सप्तमीचं एकवचन एकच दिसतंय ही माझी टंकनचूक नाही.

संस्कृतवाल्यांचा पाय नेमका इथे घसरतो. संस्कृतात चतुर्थी नभसे आणि सप्तमी नभसि. स्लाव्हिकमध्ये *नेबेसे ही षष्ठी-सप्तमी आणि *नेबेसी ही चतुर्थी. कानाला एक ऐकू येतं आणि विभक्ती उलटी निघते. कारण साधं आहे. चतुर्थीचा मूळ प्रत्यय ‘एइ’सारखा संयुक्त स्वर होता, संस्कृतात तो आकसून ए झाला, स्लाव्हिकमध्ये ई. म्हणजे नभसे आणि *नेबेसी ही खरी जोडी. तसंच नभसः आणि *नेबेसे ही जोडी: तिथे विसर्ग उरला, इथे स गळून नुसता ए. आवाज जुळला म्हणून जोडी लावू नका, विभक्ती जुळवा आणि मग आवाज का वेगळा झाला ते सांगा.

दुसरी अडचण *नेबेसिमि आणि *नेबेसिख़ु यांतल्या मधल्या इकाराची. नभःसुमध्ये स ला थेट प्रत्यय लागतो. स्लाव्हिकने इकारान्त नामांकडून हा मृदू येर उसना घेतला. आणि गंमत पाहा, *नेबेसिख़ुमधला ख़ देखील त्यांचाच. मूळ प्रत्यय ‘सु’, इकारानंतर त्याचा ख़ झाला आणि तो तयार जोड इथे येऊन बसला. अंगातला स तसाच आणि प्रत्ययातला स ख़ झालेला, हे एकाच शब्दात दिसतं. पायरी 2 मधला नियम कळला की नाही, हे मी या एका रूपावरून ओळखतो.

तपासणी. पेन्सिलीने अंगातल्या ‘एस्’खाली रेघ मारा. एकवचनाची प्रथमा, द्वितीया आणि संबोधन सोडून कुठेही रेघ मारता आली नाही, तर त्या घरात आजची भाषा घुसली आहे.

## पायरी 5: लिखित पुराव्याशी ताडून पाहा

ख्रिस्ती प्रभूची प्रार्थना या कामाला फार उपयोगी पडते, कारण तेच वाक्य सगळ्या स्लाव्ह भाषांत आहे आणि त्यात आकाश दोनदा येतं. आजही पूजेत वापरल्या जाणाऱ्या चर्च स्लाव्होनिक पाठात पहिल्यांदा ‘ना नेबेसेख़’ (आकाशांमध्ये, अनेकवचन) आणि पुढे ‘ना नेबेसी’ (आकाशात, एकवचन) असं येतं.

‘ना नेबेसेख़’ तपासूया. आपलं रूप *नेबेसिख़ु. येर कसे वागले यासाठी हाव्लिकचा नियम लावा: शब्दाच्या शेवटून मोजायचं, पहिला येर दुबळा, तो गळतो, त्याच्या लगेच आधीच्या अक्षरात येर असेल तर तो सबळ, तो पूर्ण स्वर होतो, मध्ये पूर्ण स्वर आला की मोजणी पुन्हा सुरुवातीपासून. इथे शेवटचा उ दुबळा, गेला. त्याआधीचा इ सबळ, त्याचा ए झाला. नेबेसेख़. उच्चार जुळला, मात्र आजच्या पाठात हा ए ‘यात’ने लिहितात, म्हणजे लिखाणावर *सेलोच्या गटाचा प्रभाव आहे.

‘ना नेबेसी’ मात्र फसवं आहे. हे पाहून कोष्टकातली सप्तमी खोडू नका, आणि ‘बघा, संस्कृतातलं नभसि!’ असं तर अजिबात म्हणू नका. हा ई इकारान्त नामांच्या चालीवर मागाहून आलेला आहे. जुन्या हस्तलिखितांत नेबेसे भेटतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. स्लोवो (शब्द, आपलं श्रवस्), तेलो (शरीर) अशा सकारान्त शब्दांची षष्ठी त्या जुन्या हस्तलिखितांतही कधी एस्-सह, कधी *सेलोच्या चालीवर एस् गाळून येते. म्हणजे घसरण तेव्हाच सुरू झाली होती. एस् नसलेलं रूप सापडलं तर त्याची दुसऱ्या भागात नोंद करा, पहिल्या भागाला हात लावू नका.

## पायरी 6: वंशज मांडा

तीन फांद्या करा आणि प्रत्येक भाषेची दोन रूपं लिहा: एकवचन आणि अनेकवचन. नुसतं एकवचन लिहिलं तर सकारान्त अंगाचा मागमूस उरत नाही, कारण बहुतेक भाषांत ते अनेकवचनातच जगलं आहे.

पूर्व. रशियन न्येबो, अनेकवचन न्येब्येसा. युक्रेनियन नेबो, नेबेसा. बेलारूशियन न्येबा, न्याब्योसी. न्येबामधला शेवटचा आ म्हणजे आघात नसलेल्या ओचा झालेला आ, वेगळा प्रत्यय नव्हे.

पश्चिम. पोलिश न्येबो, न्येब्योसा. चेक नेबे, नेबेसा. स्लोव्हाक न्येबो, न्येबेसा. जर्मनीतल्या सॉर्ब लोकांच्या अप्पर सॉर्बियनमध्ये न्येब्यो.

दक्षिण. स्लोव्हेनियन, सर्बियन आणि क्रोएशियन नेबो, नेबेसा. बल्गेरियन नेबे, नेबेसा. बल्गेरियनमध्ये नामांची विभक्तिरूपं जवळपास संपली, तरी हे ‘एस्’ अनेकवचनात टिकून आहे.

पोलिश न्येब्योसाजवळ जरा थांबा. पोलिशमध्ये ए चा ओ होतो, पण पुढचं व्यंजन कठोर (म्हणजे जीभ टाळूकडे न उचलता उच्चारलेलं) आणि दन्त्य असेल तरच. पहिल्या ए नंतर ब, तो ओष्ठ्य, म्हणून ए राहिला. दुसऱ्या ए नंतर स, तो कठोर दन्त्य, म्हणून ओ. एकाच शब्दात नियम एकदा लागला आणि एकदा नाही. विशेषण पाहिलं तर न्येब्येस्की: तिथे स च्या पुढे मूळचा मृदू येर होता, स मृदू झाला, आणि ए वाचला. या विशेषणाचा अर्थ स्वर्गीय आणि निळा असा दोन्ही. आपण ‘आकाशी’ म्हणतो तसंच.

चेक नेबेही तपासून घ्या. शेवटचा ए हा जुन्या षष्ठीतला ए नव्हे. एकवचनात हा शब्द ‘मोर्झे’ (समुद्र) या गटाच्या चालीवर गेला आहे: षष्ठी नेबे, चतुर्थी नेबी. अनेकवचन मात्र जुन्या अंगावर.

प्रार्थनेचं तेच वाक्य आता आजच्या भाषांत लावा. चेकमध्ये ‘ना नेबेसीख़’, क्रोएशियनमध्ये ‘ना नेबेसिमा’, पोलिशमध्ये एकवचनी ‘व न्येब्ये’. क्रोएशियनमधला ‘इमा’ मुळात द्विवचनाचा प्रत्यय, जो आता अनेकवचनाच्या तृतीया, चतुर्थी, सप्तमीला पुरतो. द्विवचनाचा रकाना भरून घ्या म्हणतो ते यासाठी.

## पायरी 7: वारसा की उसनवारी

रशियनमध्ये आघात असलेल्या ए चा कठोर व्यंजनापूर्वी यो होतो. त्या नियमाने *नेबोचं न्योबो व्हायला हवं. आणि न्योबो आहेच, फक्त त्याचा अर्थ आहे टाळू, तोंडाचं छत. आकाशाला रशियन जे न्येबो म्हणतात ते चर्च स्लाव्होनिकमधून आलेलं, म्हणून त्यातला ए तसाच. म्हणजे घरचा शब्द तोंडात राहिला आणि आकाश चर्चच्या भाषेने दिलं.

मांडताना न्योबो थेट पूर्व फांदीखाली घ्या आणि न्येबोच्या पुढे ‘चर्च स्लाव्होनिकमार्गे’ अशी टीप लिहा. दोन्ही सरळ वंशज म्हणून शेजारी ठेवले तर नियम लागतो की नाही, हेच वाचणाऱ्याला कळणार नाही. टाळूला सर्बियनमध्ये नेप्त्से आणि बल्गेरियनमध्ये नेब्त्से म्हणतात. ती लघुत्ववाचक साधित रूपं, त्यांची ओळ वेगळी.

न्येबोस्क्र्योब, म्हणजे गगनचुंबी इमारत, हा आधुनिक काळात परभाषेतल्या शब्दावरून घडवलेला समास. तो आद्य-स्लाव्हिकच्या वंशजांत टाकलेला मी एकाहून जास्त वेळा खोडला आहे.

## पायरी 8: चुलत भावंडं वरच्या मजल्यावर

नभस्, ग्रीक नेफोस्, लॅटिन नेबुला (धुकं, ढग), हित्ताइट नेपिश् (आकाश) ही *नेबोची मुलं नव्हेत, भावंडं आहेत. त्यांची जागा आद्य-भारोपीय *नेभोस्खाली, *नेबोच्या बरोबरीने. लिथुआनियन देबेसिस् (ढग) आणि लाटव्हियन देबेस् (आकाश) यांनाही तिथेच बसवा, पण सुरुवातीच्या न च्या जागी द आहे याची खूण करून. तो न–द बदल नियमित नाही, त्यावर दुसऱ्या शब्दांची पुनर्रचना उभी करू नका.

मराठीतलं ‘नभ’ लिहायचं असेल तर आणखी एक काळजी. ते संस्कृतातून जसंच्या तसं उचललेलं तत्सम आहे, प्राकृतातून झिजत आलेलं नाही. म्हणून ‘मराठी नभ’ अशी स्वतंत्र फांदी न काढता ते नभस्च्या खाली, उसनं म्हणून नोंदवा.

## सरावासाठी

हाच क्रम *कोलो (चाक) या शब्दावर लावून पाहा. षष्ठी *कोलेसे. स्लोव्हेनियनमध्ये आजही एकवचनाच्या षष्ठीत कोलेसा आहे, म्हणजे ‘एस्’ एकवचनातही टिकलं. आणि रशियनमध्ये? तिथे चाकाचं शब्दकोशातलं रूपच कोल्येसो झालं आहे. प्रथमेतला हा ‘एस्’ कुठून आला, ते तुमच्या कोष्टकात बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.